भोपळ्याला पहिली सुरी

त्या दिवशी सकाळपासून आमच्या ओट्यावर सुऱ्याच सुऱ्या मांडलेल्या होत्या. मोठी भाजीची, पाव कापायची, आणि मुलांसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या मुठीच्या छोट्या करवती. शेजारी पातेलंभर टोमॅटोचं सार, ते रक्त. हिरवा रंग घातलेली साबुदाण्याची खीर, ती बेडकाची अंडी. नखांच्या जागी बदाम खोचलेली बिस्किटं, ती मेलेल्या माणसाची बोटं. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये, ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी पोरं हॅलोवीन करतात, दुसऱ्या दिवशी सुट्टी असते, आणि यंदा आमच्या लेकीने वर्गातल्या सहा जणांना घरी बोलावलं होतं. आणि मी एवढी पेटले होते की त्यातली एखादी सुरी खरोखर कुणाला तरी फेकून मारावी. कुणाला, तर सासऱ्यांना.

कारण भोपळा. दिवाणखान्याबाहेरच्या टेरासवर मी आणून ठेवलेला मोठा नारिंगी भोपळा चिरायला घेतला, तर सासरे मागे येऊन उभे. म्हणाले, बाईने अख्ख्या भोपळ्याला सुरी लावायची नसते. घरातल्या पुरुषाने पहिला घाव घालायचा, मग तुमचं काय ते करा. मी म्हटलं, बाबा, घरातला पुरुष स्टुटगार्टला ऑफिसात आहे, आणि पोरं चार वाजता येणार. तर म्हणाले, मी काय मेलोय का?

हा नियम मला माहीत होता. माझ्या माहेरीही तो होता. भोपळा म्हणजे बळी, आणि बळी द्यायचा मान पुरुषाचा. आई अख्खा भोपळा आणला की शेजारच्या काकांना हाक मारायची, ते येऊन एक चीर देऊन जायचे, चहा पिऊन. मी तेव्हाही चिडायचे. आता मी चाळिशीला टेकलेली, इथल्या कंपनीत वीस माणसांची टीम चालवणारी बाई, आणि मला भोपळ्याला हात लावायला परवानगी नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी मूग गिळून गप्प बसले, कारण त्या संध्याकाळी मला भांडण नको होतं. लेक तिसरीत, या शाळेत नवीन. वर्गातल्या वाढदिवसांची बोलावणी सगळ्यांच्या दप्तरात जायची, हिच्या नाही. या पार्टीसाठी तिने महिनाभर मला भंडावून सोडलं होतं. तिला मैत्रिणी हव्या होत्या.

मला स्वतःला मात्र सासरे आल्यापासून एकच गोष्ट हवी होती. त्यांचा हात माझ्या लेकीवर पडायला नको होता.

सासरे हायस्कुलात मास्तर होते. सोलापूरकडच्या एका गावात अजूनही ते रस्त्याने निघाले की पोट सुटलेले, टक्कल पडलेले गडी वाकून पाया पडतात आणि अभिमानाने सांगतात, सरांनी हाणलं म्हणून आम्ही माणसात आलो. छडी वर्गासाठी होती. घरी पट्टा. माझा नवरा हे सगळं विनोद म्हणून सांगतो. मित्र जमले की म्हणतो, आमच्याकडे पट्टा जेवणाच्या आधी असायचा, तोंडी लावायला. सगळे हसतात, तोही हसतो. त्याच्या पाठीवर उजव्या खांद्याखाली एक आखूड, जाड व्रण आहे. लग्न झाल्यावर विचारलं तर म्हणाला, सायकलवरून पडलो होतो. मी तेव्हा ते खरं धरलं.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर सासरे एकटे, जेवणाचे हाल, म्हणून नवऱ्याने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मी नाही म्हटलं नाही. पण ते यायच्या आधी मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, मी जिभेने काय वाटेल ते बोलते, तंगडं तोडीन म्हणते, सोलून काढीन म्हणते, पण हात कधी उचललेला नाही आणि दुसऱ्या कुणाला उचलू देणार नाही. तू त्यांना आधीच सांग. तो म्हणाला, सांगतो. म्हणाला, अगं, आता म्हातारे झालेत, कशाला काय करतात. त्याने सांगितलं नाही. मला माहीत होतं की सांगितलेलं नाही, कारण वडिलांशी तो हवापाण्यापलीकडे बोलतच नाही. जर्मन बॉसला भर मीटिंगमध्ये उलट उत्तर देणारा माझा नवरा वडिलांसमोर टीव्हीचा रिमोटसुद्धा मागत नाही.

तसे ते लेकीशी छान होते, खोटं कशाला बोलू. तिला संत्री सोलून द्यायचे, पाढे शिकवायचे. ते मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांचं बरोबर जमायचं. महिना झाला होता आणि काही घडलं नव्हतं. मीच उगाच धास्ती घेतलीय असं मला वाटायला लागलं होतं.

चारला पोरं आली. दोन चेटकिणी, एक वटवाघूळ, एक गळ्यात प्लास्टिकची कुऱ्हाड घुसलेला, एक पट्ट्या गुंडाळलेलं मढं, आणि एक सांगाडा. हा सांगाडा म्हणजे वर्गातली ती मुलगी, जिच्या मागे बाकीच्या सगळ्या फिरतात. तोंडाची टकळी अखंड चालू. आल्या आल्या तिने आमचं घर तपासलं, साराचं पातेलं हुंगलं, आणि रक्त तिखट आहे का विचारलं. लेक तिच्याकडे असं बघत होती की जणू परीक्षेचा निकाल तिच्याच हातात आहे.

आणि मग माझ्या सासऱ्यांनी त्या पोरांना जिंकून घेतलं. माझ्या जिवाचा संताप झाला, पण जिंकलं. त्यांनी मोठी सुरी घेतली, भोपळ्याच्या डोक्यात खुपसली, चौकोनी खाच पाडली, आणि आपल्या पिशवीतलं कुंकू पाण्यात कालवून आत ओतलं. नवीन घराच्या दारात कोहळा फोडतात ना, अगदी तसं. मग तो दोन्ही हातांनी धरून दारावरून तीनदा ओवाळला, डोक्यावर उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी टेरासच्या फरशीवर आपटला. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या अंगात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. भोपळा फुटला, लाल पाणी भिंतीपर्यंत उडालं, गराचे लोंबते तुकडे, बिया, सगळीकडे लालभडक. मग एकच कल्ला. पोरं त्या लालमध्ये हात बुडवून तोंडाला फासायला लागली. सांगाडा म्हणाली, एवढं भारी हॅलोवीन तिने कधीच बघितलं नाही, आणि लेकीला म्हणाली, आजोबांना विचार, रोज असं करतात का. लेकीने विचारलं नाही, पण तिचा चेहरा उजळून निघाला होता. मी फरशीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, हे आता मीच घासणार.

पुढचा तासभर बरा गेला. पोरं दिवाणखान्यातल्या टेबलाशी लहान भोपळे कोरत बसली. जिथे करवत चालेना तिथे मी खरी सुरी घेऊन डोळे आणि दात कापून देत होते. पुरुषाची पहिली सुरी लागलेलीच होती, आता मला मोकळीक. सासरे तिथेच पलीकडच्या कोपऱ्यात खुर्चीत जाऊन बसले, दमले होते, डोळा लागला त्यांचा. बाहेर अंधारून आलं होतं आणि आम्ही दिवे मालवून भोपळ्यांमध्ये मेणबत्त्या लावल्या होत्या. आता एकमेकांना घाबरवायचा खेळ. सांगाड्याने जाहीर केलं की सगळ्यात अवघड काम म्हणजे आजोबांना घाबरवणं. लेक म्हणाली, मी करते.

ती आत गेली ते मी बघितलं. कुठे गेली ते नाही बघितलं.

ती आजोबांच्या खोलीत गेली होती. त्यांच्या बॅगेत तळाशी सासूबाईंची एक पांढरी, बारीक काठाची सुती साडी असायची. ते ती कुणाला दाखवत नसत. रोज रात्री उशाशी घेतात हे मला चादरी बदलताना कळलं होतं, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं पुष्कळ काही पोटात घालत होते. लेकीला ती कधीतरी ओझरती दिसली होती, तिला एवढंच माहीत की आजोबांकडे पांढरं लांब कापड आहे, आणि भूत पांढरं असतं. तिने ते अंगाला गुंडाळलं, डोक्यावरून घेतलं, केस मोकळे सोडले, आणि वाटीत उरलेलं कुंकवाचं पाणी कपाळावर थापलं. भुवईवरून गालावर ओघळ आले. आणि जाऊन त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली, नि घोगऱ्या आवाजात ओरडली.

सासऱ्यांनी डोळे उघडले. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी माणसाच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. आणि पाठोपाठ हात. लेक भेलकांडली आणि फरशीवर बसली. पदर डोक्यावरून खाली आला. ती वर बघून म्हणाली, “आजोबा, मी आहे, मी.” मराठीत म्हणाली. सहा जर्मन पोरांसमोर, मलासुद्धा सगळी उत्तरं जर्मनमध्ये देणारी पोर.

त्यांनी तिला ओळखलं. मी त्यांचा चेहरा बघितला, त्यांनी नक्की ओळखलं. आणि वाकून, दंडाला धरून उभं करून, दुसरी ठेवून दिली. “आजीच्या साडीला हात लावतेस?”

पहिली भीतीची असेल. पहिली मी आजही सोडून देते. दुसरी ओळखून होती.

माझ्या हातात सुरी होती, भोपळ्याच्या गराने बरबटलेली. मी ती घट्ट धरली होती हे मला बोटं दुखल्यावर कळलं. खरं सांगते, मला त्या माणसाला भोसकावंसं वाटलं. विचार म्हणून नाही, हातातच वाटलं. मी सुरी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, दूर सरकवली, आणि जाऊन लेकीला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. गालावर चार बोटं उठली होती. ती रडत नव्हती. ती सांगाड्याकडे बघत होती, आणि मला कळलं की तिला माराने नाही, त्या पोरांनी बघितल्याने मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

आणि तेव्हा मला दारात नवरा दिसला. कधी आला, किल्लीचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, एक बूट काढलेला, एक पायात. दुसरी थोबाडीत त्याने बघितली होती, त्याच्या तोंडावरून कळत होतं. मी त्याच्याकडे बघितलं, आता बोल म्हणून. तो हलला नाही. तो सहा फुटांचा माणूस दारात अंग चोरून उभा होता, हात मांडीला चिकटवून, आणि मला त्याची कीव आली नाही, राग आला. आता बोलला नाहीस तर आपलं संपलं, असं माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं. पोरं, भोपळे, दहा वर्षांचा संसार, सगळं त्या दारात येऊन अडकलं होतं.

बोलली ती सांगाडा.

“दास दार्फ मान निष्ट,” ती सासऱ्यांना म्हणाली. ओरडून नाही, रडून नाही. लाल दिवा असताना रस्ता ओलांडणाऱ्या मोठ्या माणसाला इथली पोरं ज्या स्वरात सुनावतात ना, त्या स्वरात. आणि मग माझ्याकडे वळून क्यूलपॅक मागितला. इथल्या शाळेत कुणालाही काहीही लागलं की आधी ती बर्फाची थंड पिशवी गालाला लावतात. मी फ्रीजरमधून मटारची पिशवी काढून दिली. तिने खाली बसून ती माझ्या लेकीच्या गालावर धरली.

“काय म्हणतेय ही?” सासऱ्यांनी विचारलं. मला नाही, मुलाला.

त्याने मान खाली घातली.

“मी काय विचारतोय?” तोच आवाज, वर्गातला. “काय म्हणतेय ती?”

नवऱ्याने बॅग खाली ठेवली. एका पायात बूट तसाच. “ती म्हणतेय,” तो म्हणाला, “असं करायचं नसतं.”

“कसं?”

“मारायचं नसतं. लहान मुलांना.”

एवढं बरोबर होतं. पोर तेवढंच म्हणाली होती, आणि तिथे थांबला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. पण तो थांबला नाही. तो एकेक पाऊल पुढे येत गेला, आवाज न चढवता, शब्द शोधत, जसं आपण खरोखर भाषांतर करताना अडखळतो तसं.

“ती म्हणतेय, पट्ट्याने तर नाहीच. बक्कल धरायची असते हातात, बक्कलने मारायचं नसतं.”

सासऱ्यांनी खुर्चीचा हात धरला.

“ती म्हणतेय, गणितात नापास झालो म्हणून शर्ट काढून अंगणात उभं करायचं नसतं. लोक बघतात. वर्गातली मुलं बघतात.” त्याने लेकीकडे बघितलं, मग परत वडिलांकडे. “ती म्हणतेय, आईलासुद्धा मारायचं नव्हतं. तिचं डोकं चौकटीवर आपटायचं नव्हतं. ती हीच साडी नेसली होती. रक्त असंच आलं होतं, इथून इथपर्यंत, आणि आईने मला सांगायला लावलं, पाय घसरला म्हणून. मी शाळेत तेच सांगितलं. मी सगळीकडे तेच सांगितलं.”

मी त्याच्याशी इतकी वर्षं संसार केला आणि यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. सायकल नव्हतीच. आणि ते उशाशी घेतलेलं लुगडं, ज्याच्यासाठी मी त्यांना इतकं माफ करत आले होते, ते काय होतं ते मला तेव्हा कळलं. झोपेतून उठून त्यांनी समोर कोण उभं बघितलं, तेही.

त्या संध्याकाळी पोरांना न्यायला आयाबाप आले तेव्हा मी प्रत्येकाला दारात उभं राहून घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. नवरा म्हणत होता, युगेन्डआम्टला कळवतील, मुलांच्या खात्याची माणसं घरी येतील. मी म्हटलं, येऊ देत. सासऱ्यांचं तिकीट त्यानेच अलीकडचं करून घेतलं, मी सांगितलं नाही. जाईपर्यंत ते खोलीतच जेवले. पण हे सगळं नंतरचं. आत्ता ते खुर्चीचा हात धरून उभे होते, आणि भोपळ्यांच्या डोळ्यांतून मेणबत्त्यांचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. म्हातारा दिसत होता माणूस. मला दया आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

त्यांनी खाली बघितलं. साडी माझ्या लेकीच्या पायाशी पडली होती, कुंकवाने भरलेली. त्यांनी वाकून उचलायला हात पुढे केला, आणि नवऱ्याने ती आधी उचलली. घडी घालून काखेत धरली. दिली नाही.

सासरे सांगाड्याकडे बघत राहिले. दुधाचे दात पडलेली, पांढऱ्या रंगाने बरगड्या काढलेली आठ वर्षांची पोर. मग मुलाकडे.

“एवढं सगळं म्हणाली ती?”

“हो,” नवरा म्हणाला.

ते आपल्या खोलीकडे गेले. भिंतीला हात लावत गेले. दार लागल्याचा आवाज आला आणि नवरा होता तिथेच खाली बसला, साडी मांडीवर घेऊन. लेक उठून त्याच्याजवळ गेली, आणि तिच्यामागून सांगाडाही गेली, मटारची पिशवी न सोडता. तिने मला विचारलं, तो आजोबांना एवढं काय काय सांगत होता?

“तू म्हणालीस तेच,” मी म्हटलं.

“गूट. बरं केलं,” ती म्हणाली, आणि पिशवी लेकीच्या गालावर जरा वर सरकवली.